उजवीकडच्यासाठी प्रार्थना

चर्चमधल्या बुधवारच्या शास्त्राभ्यासाला एक नियम होता. अभ्यास संपला की गोल मांडलेल्या खुर्च्यांत बसलेल्या प्रत्येकाने आपल्या उजवीकडच्या माणसासाठी मोठ्याने प्रार्थना करायची. स्वतःसाठी नाही, घरच्यांसाठी नाही, आणि जगातल्या शांततेसाठी तर मुळीच नाही. आधीच्या पाळकसाहेबांनी हा नियम घालून दिला होता, कारण दर आठवड्याला लोक आपापल्या गुडघ्यांसाठीच प्रार्थना करतात हे ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. ते जाऊन बारा वर्षं झाली, नियम राहिला. त्यामुळे बुधवारी कोण कुठे बसतं याला भलतंच महत्त्व आलं होतं. मास्तरांच्या उजवीकडे बसायला कोणी राजी नसे. मास्तर म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. ते प्रार्थनेतही माणसाला पाच खंड फिरवून आणत, आणि तोवर मागच्या टेबलावरचा चहा गार होई.

काउंटरताईच्या उजवीकडे बसायला मात्र कोणाची ना नसे. तिची प्रार्थना ठरलेली. "प्रभू, हिला आरोग्य दे. हिच्या घरच्यांना आशीर्वाद दे. आमेन." बाईमाणसाच्या जागी पुरुष बसला असेल तर 'हिला'चं 'ह्याला' व्हायचं, एवढाच काय तो फरक. "ही प्रार्थना करत नाही, पावती फाडते," असं मास्तर म्हणत, आणि सगळे हसत. तीही हसे. पण घरी जाताना तेच वाक्य तिला पुन्हा पुन्हा आठवे. चाळिशी उलटली, रविवारची शाळा शिकवून झाली, दर शनिवारी सभागृह झाडून झालं, आणि देवाशी चार वाक्यं बोलता येत नाहीत, ही काही मिरवायची गोष्ट नव्हे.

काउंटरताई हे नाव तिला पेशंटांनी दिलेलं. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. सकाळी पुढच्या काउंटरवर बसून चिठ्ठ्या घ्यायच्या, बाटल्यांवर नावं चिकटवायची, आणि दुपारनंतर मागच्या खोलीत बसून डॉक्टरांनी खरडलेले रिपोर्ट टाइप करायचे. नोकरीला लागली त्या दिवशी तिने एका कागदावर सही केली होती, की इथे जे वाचलं ते इथेच राहील. सोळा वर्षं तिने तो शब्द पाळला. शेजारणीची साखर, वाण्याचं यकृत, एकदा तर खुद्द सासूबाईंचं रक्त तिच्या हाताखालून गेलं, पण तिने तोंडातून ब्र काढला नाही.

आणि मग एका सोमवारी, एका मोठ्या हॉस्पिटलकडून आलेल्या बायॉप्सीच्या तुकड्यांत, तिला बटणकाकूंचं नाव दिसलं.

बटणकाकूंचं चर्चच्या मागच्या गल्लीत दुकान होतं. बटणं, दोरे, चेन, अस्तर, हुक. विधवा बाई, वय छप्पन्न, एकुलती एक लेक दूरच्या शहरात. महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी चर्चच्या दारात दुरुस्तीचं टेबल मांडलं जायचं. वस्तीतल्या कोणीही यावं, फाटका शर्ट किंवा तुटकी चेन आणावी, आणि फुकट शिवून न्यावी. त्या टेबलाची सगळी बटणं काकूंच्या दुकानातून यायची. काकू स्वतः सुई घेऊन बसायच्या आणि येणाऱ्याला दम भरायच्या, "बटण तुटतं ते ओढल्यामुळे. हळू काढायला काय होतं?"

रिपोर्टमध्ये डाव्या स्तनातली गाठ होती. चांगली नव्हती. काउंटरताईने तो टाइप केला, एकदा तपासला, पुन्हा तपासला, आणि पाकिटात घालून हॉस्पिटलच्या खोक्यात टाकला. तो काकूंच्या हाती गुरुवारी पडणार हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. आपला तुकडा हॉस्पिटलबाहेरच्या लॅबमध्ये जातो हे पेशंटांना सहसा माहीत नसतं. काकूंनाही नव्हतं.

मंगळवारी दुरुस्तीच्या टेबलासाठी शर्टाची बटणं आणायची तिची पाळी होती. ती टाळता आली असती, पण गेली. काकू फोनवर लेकीशी बोलत होत्या. "मी ठणठणीत आहे ग. मला काय धाड भरलीय?" फोन ठेवून त्यांनी बटणं मोजून दिली आणि वर दोन जास्तीची टाकली. काहीतरी बोलायला हवं म्हणून काउंटरताई म्हणाली, "छान दिसतेय तब्येत, काकू." बोलून गेल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. ती भराभर पायऱ्या उतरली.

बुधवारी ती उशिरा पोचली. एकच खुर्ची रिकामी होती, आणि तिच्या उजवीकडे बटणकाकू बसल्या होत्या.

अभ्यास कशावर झाला ते तिला आठवत नाही. मास्तरांनी नेहमीप्रमाणे नकाशा काढला असणार. मग दिवा थोडा मंद केला, सगळ्यांनी डोळे मिटले, एकेक प्रार्थना गोल फिरत आली आणि तिच्यापाशी येऊन थांबली. तिने काकूंचा हात हातात घेतला. हात गार होता.

"प्रभू," ती म्हणाली, आणि पुढचं ठरलेलं वाक्य तिच्याने बोलवेना. आरोग्य दे, असं त्या हाताला धरून कसं म्हणायचं? कोणीतरी खाकरलं. मग तिचं तोंड आपोआप बोलू लागलं. "प्रभू, हिच्या डाव्या बाजूला जे लपून बसलंय ते तुला दिसतं. हिने ते लेकीलाही सांगितलं नाही. उद्या हिला जे ऐकावं लागेल ते ऐकताना तू हिच्याजवळ बस. हिला एकटी सोडू नकोस."

कळवळ्याने बोलली, हे खरंच. पण नुसता कळवळाच होता म्हणावं, तर तो मनातल्या मनातही देवाला सांगता आला असता, देव काही बहिरा नाही. तिला एकदा तरी चांगली प्रार्थना करायची होती. शब्द सुचत गेले तसं तिला आतून बरं वाटत गेलं, आणि आमेन म्हणताना सगळी खोली स्तब्ध आहे हे तिने कानांनी टिपलं. हे तिने पुढे स्वतःशी कबूल केलं, पण फार उशिरा.

काकू रडत होत्या. प्रार्थना पुढे सरकल्या, पण काकूंनी तिचा हात सोडला नाही. चहाच्या वेळी त्यांनी तिला कोपऱ्यात ओढलं. "कोणी सांगितलं तुला? मी कोण्णाला बोलले नाहीये. कोणी सांगितलं?"

हीच ती वेळ होती. दोन वाक्यांत भागलं असतं. काउंटरताईच्या डोळ्यांसमोर लॅबचा तो सही केलेला कागद आला, साहेबांचं तोंड आलं, घरभाडं आलं. "कोणी नाही, काकू," ती म्हणाली. "आपोआप तोंडातून आलं."

काकूंनी तिच्या कपाळाचा मुका घेतला.

रविवारी उपासनेत साक्षीची, म्हणजे उभं राहून आपला देवाचा अनुभव सांगायची वेळ आली तेव्हा बटणकाकू उठल्या. कधी नव्हे ती त्यांनी चांगली साडी नेसली होती. त्यांनी सगळं सांगितलं, गाठ, तपासणी, कोणालाही न कळू देणं, आणि बुधवारची प्रार्थना. "गुरुवारी डॉक्टरांनी कागद पुढे केला, तेव्हा मी घाबरलेच नाही. मी म्हटलं, मला माहितीये. डॉक्टर बघतच राहिले." सभागृहात कुजबूज झाली. "त्यांनी मला येत्या शुक्रवारी ऑपरेशन सांगितलंय. गुरुवारी सकाळी अकराला भरती व्हा म्हणतात. पण मी जाणार नाही. ज्याने आधी सांगितलं तो बरंही करणार. नुसतं घाबरवायला का सांगेल तो?"

कोणीतरी जोरात आमेन म्हटलं.

आत्ताचे पाळकसाहेब वयाने लहान होते आणि माणूस सरळ. ते हलकेच म्हणाले, "काकू, डॉक्टरांचे हातही त्यानेच दिलेत. विचार करा."

"पाळकसाहेब, डॉक्टरांनी गुरुवारी सांगितलं, त्याने बुधवारी. आता तुम्हीच सांगा, ऐकायचं कोणाचं?"

लोक हसले, टाळ्याही पडल्या. पाळकसाहेबांनी आशेने काउंटरताईकडे पाहिलं. "तुम्हीच काहीतरी सांगा यांना." सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ती उभी राहिली. "प्रभूची इच्छा," ती पुटपुटली, आणि खाली बसली. याच्याइतकं निरुपयोगी वाक्य त्या सभागृहात कधी बोललं गेलं नसेल.

त्यानंतर जे सुरू झालं ते विचारू नका. गायकवृंदातल्या दोघी परीक्षेसाठी प्रार्थना मागायला आल्या. एकाने हरवलेली अंगठी कुठे आहे ते विचारलं. मास्तर, ज्यांनी तिला पावती फाडणारी ठरवलं होतं, ते टोपी हातात घेऊन म्हणाले, "मी चुकलो. आमच्या हिची आठवण हल्ली जात चाललीय. तुला काही कळतं का बघ." सत्तरीच्या माणसाचे भरलेले डोळे बघून तिला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. घरी सासूबाई, ज्यांनी अठरा वर्षांत तिच्या स्वयंपाकाला एकदाही बरं म्हटलं नव्हतं, फोनवर बहिणीला सांगत होत्या, "आमच्या सूनबाईंवर हात आहे हो त्याचा." आणि तिच्यासमोर चहाचा कप आणून ठेवत होत्या. तो कप तिला जाईना. नवरा जहाजावर, चार महिन्यांनी येणार. सांगायचं तरी कोणाला?

रात्री नाही, दिवसाढवळ्या, टाइप करता करता, तिला सुटकेचा मार्ग सापडला. इतका सोपा की तिला हसू आलं. काकूंचा तिच्या प्रार्थनेवर विश्वास आहे ना? मग पुन्हा प्रार्थना करायची, आणि तिच्यातूनच त्यांना हॉस्पिटलात धाडायचं. काकूंचा जीव वाचेल, नोकरी राहील, कोणाचं मन मोडणार नाही. मंगळवारभर तिने वाक्यं जुळवली. चांगली जुळली. बसमध्ये ओठ हलवत तिने ती पाठही केली.

बुधवारी तिच्या उजवीकडच्या खुर्चीसाठी जवळजवळ मारामारीच. शेवटी सगळ्यांनी काकूंना जागा करून दिली. प्रार्थना फिरत आली. तिने तोच हात हातात घेतला, आज तो ऊबदार होता.

"प्रभू, तू आज आम्हांला सांगतोस, की सर्जनच्या हातांत तूच सुरी ठेवली आहेस. तू तुझ्या लेकीला सांगतोस, की ऊठ आणि उद्या त्या दारातून आत जा. तुझी इच्छा आहे की हिने ऑपरेशन करून घ्यावं. भिऊ नकोस, तू म्हणतोस, मी आत आहे." आवाज चढवायचा तिथे तिने चढवला, थांबायचं तिथे थांबली. मास्तर हुंदका देऊन आमेन म्हणाले.

काकूंनी हात काढून घेतला.

नंतर दोघी कप विसळत उभ्या होत्या. काकूंनी एक कप पुसला, पालथा घातला, आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, राग मानू नकोस. आजची प्रार्थना तुझी होती."

"म्हणजे?"

"मागच्या वेळी तुला शब्द सापडत नव्हते. आवाज कापत होता. ते त्याचं होतं. आज तू पाठ करून आली होतीस. मी इतकी वर्षं गिऱ्हाईक बघतेय, खरं कुठलं आणि बसवलेलं कुठलं ते कळतं मला." त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "माझ्या काळजीनंच केलंस, माहितीये. पण आपलं म्हणणं त्याच्या नावावर नको खपवूस. चांगलं नाही ते. उद्या सकाळी हॉस्पिटलला फोन करून येत नाही म्हणून कळवते मी."

काउंटरताईने नळ बंद केला. आत्ता सांग, असं ती स्वतःला म्हणत होती, आणि शेजारी उभं राहून कोणीतरी बशा मागत होतं, आणि मास्तर तिला निरोप द्यायला थांबले होते. ती घरी निघून गेली. भित्र्या माणसाला कारणं हवी तितकी मिळतात.

गुरुवारी सकाळी नऊला ती बटणकाकूंच्या दुकानाच्या पायरीवर होती. लॅबला तिने उशीर होईल म्हणून कळवलं होतं. काकूंनी नुकतंच दुकान उघडलं होतं आणि त्या एका पुठ्ठ्यावर कोटाची बटणं टाचत होत्या. "इतक्या सकाळी?" त्या हसल्या. "ये, बस."

ती बसली नाही. बसली असती तर तिच्याने झालं नसतं. "काकू, मला प्रभूने काही सांगितलं नव्हतं. मी वाचलं होतं."

"काय वाचलं होतंस?"

"तुमचा रिपोर्ट. ते हॉस्पिटल तपासणी आमच्याच लॅबमधून करून घेतं. मीच टाइप केला, गेल्या आठवड्यात. सोमवारी."

काकूंचा हात तसाच राहिला, सुई अर्धी आत, अर्धी बाहेर. "सोमवारी," त्या म्हणाल्या.

"हो."

"मंगळवारी तू इथे आली होतीस."

"हो."

"छान दिसतेय तब्येत, म्हणालीस."

काउंटरताईला 'हो' म्हणता आलं नाही. ती रडू लागली, आणि रडताना तिला आणखी लाज वाटली, कारण रडायचा हक्क तिचा नव्हता. काकूंनी सुई पुठ्ठ्यात खोचली, पुठ्ठा बाजूला ठेवला. "आणि बुधवारी मी तुला कोपऱ्यात घेऊन विचारलं. देवाशपथ सांगते, ताई, तू तेव्हा सांगितलं असतंस ना, तर मी हसले असते. म्हटलं असतं, बरं झालं बाई, कोणालातरी माहीत आहे."

"तुम्ही लॅबमध्ये तक्रार करा. माझी नोकरी गेली तरी चालेल."

"तुझी नोकरी घालवून माझी गाठ विरघळणारे का?" काकूंचा आवाज पहिल्यांदाच चढला. रस्त्यावरच्या एका बाईने आत डोकावून बघितलं आणि ती पुढे निघून गेली. काकू स्टुलावर बसल्या. मग त्यांनी दोन्ही हात तिच्यापुढे धरले. बोटं थरथरत होती.

"हे बघ. आठ दिवस हे नव्हतं. गाठ हाताला लागली तेव्हापासून मी घाबरलेली, दीड महिना. जेवण जात नव्हतं. तुझ्या त्या प्रार्थनेनंतर मी पोटभर जेवले, गाढ झोपले. लेकीलाही रविवारी सगळं सांगितलं, हसत हसत. म्हटलं, काळजी करू नको, त्याला माहितीये." त्यांनी हात पदरात गुंडाळले. "आता पुन्हा सुरू झालं."

"त्याला माहीतच आहे, काकू," काउंटरताई म्हणाली.

"ते तू नको सांगूस," काकू म्हणाल्या. "दुसरं कोणीही सांगू दे. तू नको."

भिंतीवरचं घड्याळ साडेनऊ दाखवत होतं. काउंटरताई म्हणाली, "अकराला भरती व्हायचंय."

"ठाऊक आहे. मी वेडी नाही. जाईन." काकू उठल्या, आतून एक पिशवी काढली. ती आधीच भरलेली असावी, बहुतेक त्यांनी मागच्या आठवड्यात, घाबरलेली असताना भरली असेल. "आणि रविवारी मंडळीपुढे तू उभी राहा. मी उभी राहून सांगितलं, तूही उभी राहून सांग. त्या मास्तरांना वेडी आशा लावून बसली आहेस."

"सांगीन."

"ते शटर ओढ. माझ्याने व्हायचं नाही आज."

तिने शटर ओढलं, कुलूप लावलं, किल्ली काकूंच्या हातात दिली. पिशवी मात्र तिने घेतली आणि काकूंनी ती घेऊ दिली. बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. काकू पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होत्या.

हॉस्पिटलच्या भरतीच्या खिडकीवर गर्दी नव्हती. आतल्या कारकुनाने फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, पत्ता, कोणते डॉक्टर. काकू स्पष्ट उत्तरं देत होत्या. मग त्याने मान वर करून काउंटरताईकडे पेन रोखलं.

"या सोबत आहेत ना? सही यांची लागेल. तुमचं नातं काय?"

मंडळीत या प्रश्नाचं उत्तर लहान मुलालाही येतं. तिथे कोणीही कोणाची ओळख करून देताना 'ही आमची बहीण' असंच म्हणतात, आणि काकूंनी रविवारी साक्ष देताना तिच्याकडे बोट करून तेच म्हटलं होतं. काउंटरताईने तोंड उघडलं, पण तो शब्द आपण उच्चारायचा की नाही हे तिला ठरवता येईना. ती काकूंकडे बघत राहिली.

काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"लिहा," त्या म्हणाल्या, "ओळखीची."

कारकुनाने लिहिलं आणि फॉर्म खिडकीतून बाहेर सरकवला. त्या शब्दाच्या पुढच्या रिकाम्या जागेत काउंटरताईने सही केली.